कारणाच्या रकान्यात कुत्रा

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला कंपनीने दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्याने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. माझ्यापाशी आल्यावर मात्र बॉक्स पुढे करून तो हळू आवाजात म्हणाला,

"ताई, एक काम होतं. जरा मोठं आहे."

मला वाटलं, जाण्याआधी त्याचा अर्धवट राहिलेला प्रोग्राम माझ्या गळ्यात मारायचा विचार असेल. मी टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढायच्या, हे माझं काम. त्याच्या कामात मी वर्षभर इतक्या चुका काढल्या होत्या की तो माझ्याशी बोलतो हेच पुष्कळ होतं.

"माझा कुत्रा घ्याल का?"

हिंजवडीत आमच्या ऑफिसची दुसरी इमारत उभी राहत होती, तेव्हा वाळूच्या ढिगाआड त्याला ते पिल्लू सापडलं होतं. आता चार वर्षांचं होतं.

"मलाच का विचारतोयस?" मी म्हटलं.

"कारण तुम्ही नाही म्हणालात तर कारण सांगून म्हणाल. बाकीचे लगेच हो म्हणतील आणि महिन्याभरात त्याला चांदणी चौकात सोडून येतील."

मी विचार करून सांगते म्हटलं आणि पेढा घेतला.

विचार करण्यासारखं खरं तर काही नव्हतं. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी. ती वर्षाची असताना तिचे वडील आणि मी वेगळे झालो होतो. कर्वेनगरातल्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. सकाळी पावणेसातला तिची शाळेची व्हॅन यायची, साडेसातला माझी कंपनीची बस. दीडला व्हॅनने परत आली की ती गल्लीतल्याच पाळणाघरात जायची. बायपासवर वाहतूक तुंबलेली नसेल तर मी सातला परतून तिला घेऊन घरी यायचे. म्हणजे साडेसात ते सात घराला कुलूप. साडेअकरा तास. एवढ्या वेळात कुत्र्याने काय करायचं?

रविवारी यवतमाळला आईला फोन केला तेव्हा सहज हे बोलले. आई म्हणाली, "घरात कुत्रं काहून आनतं वं? ते वावरात ठेवाचं असते. दुसऱ्या माळ्यावर काय राखन करन ते?"

मुलीला मी काहीच सांगणार नव्हते. पण तिने फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. तिने हट्ट केला नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बघून तर येऊ."

शनिवारी बघायला गेलो. सहकारी हिंजवडी गावठाणात एका शेतकरी कुटुंबाकडे भाड्याने राहत होता. त्यांची बरीचशी जमीन आयटी पार्कात गेली होती आणि उरलेल्या जागेत खोल्या निघाल्या होत्या. तो ऑफिसात असायचा तेव्हा कुत्रा घरमालकांच्या अंगणात पडून राहायचा. आता त्या अंगणातही खोल्या बांधायच्या होत्या. घरच्या आजी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमची म्हस बी गेली, गोठा बी गेला. आता ह्याला कुठं बांधू? लबाड हाय, पन चावत न्हाय."

तो साधा गावठी कुत्रा होता. विटकरी रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. त्याने उडी मारली नाही की हात चाटला नाही. माझ्या मुलीच्या चपलांचा वास घेतला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. तीही बसली. दोघंही समोरचा रस्ता बघत राहिले. तासाभराने निघताना मी सहकाऱ्याला म्हटलं, "एक आठवडा आमच्याकडे ठेवते. आमचं घर त्याला झेपतंय की नाही ते बघते. नाही झेपलं, तर दुसरं घर शोधायला तुझ्या हाती दहा दिवस उरतील."

"टेस्टिंग करणार तर," तो म्हणाला.

"ते एकच मला येतं."

रविवारी तो कुत्रा आणून सोडून गेला. सोमवारी पहाटे पाचला उठून मी त्याला नदीच्या बाजूला फिरवून आणलं. पाण्याचं भांडं भरलं, जुनी सतरंजी अंथरली आणि कुलूप लावून बस पकडली. संध्याकाळी जिना चढत होते तर शेजारच्या बाई दारातच उभ्या. या बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं, त्यामुळे सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणायची आणि त्यांच्यापुढे जरा सावधपणे वागायची.

"तुमच्याकडे कोणी गवई उतरलेत का?" त्यांनी विचारलं.

मला कळेना.

"नाही, आज साडेसातला रियाज सुरू झाला. आवाज चांगला आहे, पण सुटी घेत नाहीत."

मी माफी मागितली. आठवडाभराचाच प्रश्न आहे म्हटलं. "बघा बुवा," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मंगळवारी सकाळी त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळीही नाही. मला ते जास्त वाईट लक्षण वाटलं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार गेली असणार असं गृहीत धरून मी उत्तराची तयारी करू लागले. पण तो नेमका किती वेळ रडतो हे कळल्याशिवाय उत्तर तरी काय देणार? मुलीच्या गाण्याच्या क्लाससाठी घेतलेला टेपरेकॉर्डर घरात होता. बुधवारी निघताना त्यात कोरी कॅसेट घातली, दाराजवळच्या स्टुलावर ठेवली आणि बटण दाबून बाहेर पडले. एका बाजूला पाऊण तास. तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून ती कॅसेट ऐकायला लागलो. कुत्रा पायाशी बसला होता.

आधी माझ्याच चपलांचा आवाज, कुलपाचा आवाज. मग शांतता. मग नखांनी दार खरवडल्याचा आवाज. मग तो रडायला लागला. पहिल्यांदा बारीक, मग मान वर करून रडावं तसं. मुलीने माझा हात धरला. पाच-सात मिनिटं ते चाललं होतं, आणि मी मनात निर्णय घेऊन टाकला होता. असं कोणाशी वागू नये. उद्याच परत.

तेवढ्यात कॅसेटवर कडी वाजली. आमची नव्हे, शेजारची. पावलं आली आणि आमच्या दारापाशी थांबली.

"काय झालं?" बाईंचा आवाज. "गेल्या म्हणजे काय कायमच्या गेल्या का? कामाला गेल्यात. मीपण जात होते. रोज परत येत होते की नाही? बस. बस खाली."

रडणं थांबलं.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाईंनी चक्क खुर्ची आणून जिन्यात मांडली होती. मग वर्तमानपत्र उलगडलं.

"गुरुवारी पाणी नाही," बाई वाचायला लागल्या. "तुला काय, तुला एक वाटी पुरते. इथे रस्ता रुंद करणार म्हणतात. करतील, करतील. हे बघ, एवढी मोठी जाहिरात. घर घ्या, सोबत पोहण्याचा तलाव मोफत. प्यायला नाही, पोहायला आहे."

कॅसेट खटकन संपेपर्यंत त्या वाचत होत्या. माझी मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र ओशाळले. दुसऱ्याचं खासगी बोलणं मी चोरून ऐकलं होतं. आणि ज्या बाईंच्या विरोधात मी उत्तरं तयार करत होते, त्या जिन्यात बसून माझं काम करत होत्या.

तशीच उठून त्यांच्याकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. टेपचंही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "वाचनात चुका नव्हत्या ना?"

"नव्हत्या."

"मग ठीक आहे." त्यांनी मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. "एक विचारू? रागावू नका. कुत्र्यासाठी तुम्ही एवढी टेप लावलीत. चांगलं केलंत. तुमची मुलगी रोज दुपारी दीडपासून संध्याकाळपर्यंत काय करते, ते कधी ऐकलंत का?"

मला राग आलाच. मी ताडकन म्हटलं, "पाळणाघर चांगलं आहे, बाई."

"मी वाईट म्हटलं नाही. ऐकलंत का, एवढंच विचारलं."

घरी आले. मुलगी पोळीचे तुकडे दुधात कुस्करत होती, कुत्र्यासाठी. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू दुपारी तिकडे काय करतेस गं?"

"काही नाही. बसते."

"बसते म्हणजे?"

"लहान मुलं झोपतात ना, मग आवाज करायचा नसतो. गृहपाठ तीनपर्यंत होतो. मग खिडकीत बसते. तू येईपर्यंत." मग माझ्याकडे बघून तिने घाईघाईने भर घातली, "मला सवय आहे, आई."

पाळणाघरातली सगळ्यात मोठी मुलगी तीच होती. तिच्या वयाची बाकीची केव्हाच तिथून गेली होती. हे मला ठाऊक होतं, पण मी कधी शब्दांत मांडलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी तिला कुत्र्याशेजारी न बोलता तासभर बसलेलं बघून मला कौतुक वाटलं होतं, किती शांत मूल आहे म्हणून. ती शांतता ती कुठे शिकली होती, ते आता कळलं.

त्या रात्री मी फार काही जेवले नाही. पण रडतही बसले नाही. कागद घेतला आणि आमच्या तिघांचा दिवस तासातासाने लिहून काढला, जसं मी प्रोग्राम तपासताना पायरी न् पायरी लिहून काढते. कुठे काय बिघडतंय ते एका दृष्टिक्षेपात दिसत होतं. कुत्रा बिघडलेला नव्हता, मुलगी बिघडलेली नव्हती, घर लहान असलं तरी तेही ठीक होतं. बिघडलेल्या होत्या त्या माझ्या वेळा. आणि नऊ वर्षांच्या नोकरीत मी त्यांना हात लावला नव्हता.

हात न लावण्याचं कारण साधं होतं. भीती. मी बाहेरगावची, एकटी, पदरात मूल. मला घेताना मुलाखतीत विचारलं होतं, "घरच्या अडचणी मध्ये येणार नाहीत ना?" आणि मी छाती पुढे काढून सांगितलं होतं की नाही. तो शब्द मी इतका पाळला की मुलीला गोवर आला तेव्हा आईला यवतमाळहून बोलावलं, पण रजा घेतली नाही. ऑफिसातल्या बायकांना लवकर निघायचं असलं की त्या काहीतरी सांगत. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, गावाकडचं लग्न. मी तेही कधी सांगितलं नाही. मी कधी काही मागितलंच नाही.

कंपनीत आठ ते पाच अशी एक पाळी होती. जपानच्या कामावरच्या मोजक्या लोकांसाठी. त्यांची बस आमच्या चौकातून सातला सुटायची. ती मिळाली तर मी पावणेसहाच्या आत घरी. मुलीला दीडला थेट घरी येता येईल, घरात कुत्रा असेल आणि भिंतीपलीकडे बाई. कुत्रा एकटा राहणार तो सात ते दीड. साडेअकरा तासांचे साडेसहा झाले होते. अजून जास्तच होते, पण निम्म्याच्या आसपास आले होते.

गुरुवारी दुपारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान होता. माणूस वाईट नव्हता, पण सतत घाईत असायचा.

"आठ ते पाच? तुमचं काम जपानचं नाही," तो म्हणाला. "आपला क्लायंटचा कॉल संध्याकाळी पावणेसहाला असतो."

"मी घरच्या फोनवरून कॉलमध्ये बसेन. रोज. आजपर्यंत एकदाही चुकवला नाही, पुढेही चुकवणार नाही."

त्याने कॉम्प्युटरवर वेळ बदलण्याचा अर्ज उघडला. "कारणाच्या रकान्यात काय लिहू? आईचं आजारपण?"

"माझी आई ठणठणीत आहे."

"अहो, लिहायला काहीतरी लागतं."

"कुत्रा," मी म्हटलं. "आणि मुलगी. दोन्ही लिहा."

तो हसला. मी हसले नाही, तसं त्याचं हसू ओसरलं. "मॅडम, लोक मुलांसाठी मागतात हे समजू शकतो. पण कुत्र्यासाठी..."

"मुलीसाठी मी नऊ वर्षांत एकदाही मागितलं नाही. ते माझं चुकलं. आता कुत्र्यामुळे का होईना, लक्षात आलं. म्हणून दोन्ही लिहा. खोटं कारण देऊन मिळालेली वेळ मला रोज वापरता येणार नाही."

हे वाक्य मी पाठ करून गेले नव्हते. ते तिथेच, त्या गार केबिनमध्ये, माझ्या तोंडून आलं. आयुष्यात बरीच वाक्यं नंतर घरी आल्यावर सुचली म्हणून मी हळहळले आहे. हे एक वेळेवर सुचलं.

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाला, "तीन महिने बघू. एक जरी मोठी चूक तुमच्या हातून निसटली तर पुन्हा जुनी वेळ."

"मान्य."

त्याने टाइप केलं. मी डोकावून बघितलं. दोन्ही शब्द लिहिले होते.

घरी येऊन आधी मुलीला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाळणाघर बंद?" कुत्र्याचं तिने त्यानंतर विचारलं. मग बाईंकडे गेले. त्यांच्याकडे मी काही मागायला गेले नव्हते, नुसती बातमी द्यायला गेले होते. त्यांनी मान डोलावली.

"एक सांगून ठेवते. तुमचा कुत्रा मी सांभाळणार नाही."

"नाही, नाही, बाई, तसं मी..."

"साडेदहाला मी भाजी आणायला खाली उतरतेच. तेव्हा त्याला उतरवीन आणि परत आणून सोडीन. माझ्या घरात घेणार नाही. आणि गुरुवारी मी मंडईत जाते, त्या दिवशी माझा भरवसा धरू नका. किल्ली ठेवा त्या हुकाला."

रविवारी सहकाऱ्याला फोन करून सांगितलं की कुत्रा इथेच राहील. तो निरोप घ्यायला आला, तेव्हा कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ बसून राहिला. आम्ही दोघी गॅलरीत जाऊन उभ्या राहिलो. तो दोन वर्षांसाठी गेला आणि तिकडेच स्थायिक झाला. दिवाळीला त्याचा फोन यायचा, पहिला प्रश्न कुत्र्याचा असायचा.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्या महिन्यात कुत्र्याने माझी एक चप्पल आणि मुलीचं भूगोलाचं पुस्तक खाल्लं. दोनदा तो जिन्यावरून सुटून पार कर्वे रस्त्यापर्यंत गेला. एका गुरुवारी दीडपर्यंत त्याला धीर धरवला नाही आणि मुलीने शाळेतून आल्या आल्या फडकं घेऊन फरशी पुसली. मी आले तेव्हा तिने मला ते अभिमानाने सांगितलं, जणू बक्षीस मिळालं होतं. कॉलच्या वेळी ती त्याला घेऊन खाली जायची, अर्धा तास, न सांगता. सोसायटीतली मुलं तिच्याभोवती जमायला लागली. खिडकीत बसणारी माझी मुलगी आता आवारात ओरडत असायची, आणि बाई वरून सांगायच्या, "हळू. कुत्रा तुझ्यापेक्षा शहाणा आहे, तो ओरडत नाही."

आणि मी? सकाळी आठला मजला रिकामा असायचा. फोन नाही, चहाला बोलावणं नाही. त्या पहिल्या तासात जेवढं काम व्हायचं तेवढं पूर्वी अर्ध्या दिवसात होत नसे. आमचा प्रोग्राम विम्याच्या कंपनीसाठी होता. तिसऱ्या महिन्यात, अशाच एका सकाळी, माझ्या लक्षात आलं की एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाचं वय त्यात चुकीचं निघतंय. पाच जणांनी तपासून पुढे पाठवलेलं काम होतं ते. तसंच गेलं असतं तर गोंधळ झाला असता. मॅनेजरने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. तीन महिन्यांची मुदत केव्हा संपली हे त्याने विचारलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

वर्षभरात सातच्या बसमध्ये आमच्या विभागातल्या आणखी दोघी दिसू लागल्या. एकीने मला विचारलं होतं, "तू कारण काय दिलंस?" मी खरं सांगितल्यावर ती म्हणाली, "माझ्याकडे कुत्रा नाही गं." मी म्हटलं, "खरं कारण तर आहे ना? तेच दे." तिने आपलं खरं कारण दिलं. तिला वेळ मिळाली. या गोष्टीचा मला नंतर मिळालेल्या बढतीपेक्षा जास्त अभिमान आहे, आणि बढतीचाही कमी नव्हता.

कुत्रा आमच्याकडे नऊ वर्षं राहिला. शेवटच्या दोन वर्षांत त्याला जिना चढवत नसे, तेव्हा मुलगी त्याला उचलून आणायची. कॉलेजात जाणारी उंच मुलगी आणि तिच्या खांद्यावर म्हातारा विटकरी कुत्रा. बाई त्याच्या आधी गेल्या. त्यांच्या घरात तो कधी पाय ठेवणार नाही असं त्या म्हणाल्या होत्या. शेवटच्या आजारपणात त्यांनीच त्याला बोलावून घेतलं आणि पलंगाखाली झोपू दिलं. त्यांच्या भाचीने विचारलं, हे कोणाचं कुत्रं, तर म्हणाल्या, "शेजारच्यांचं. वर्तमानपत्र ऐकायला येतं."

मुलगी इंजिनिअर झाली. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेली, ती हिंजवडीतच. दुपारी तिचा फोन आला.

"आई, त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. मी विचारलं, कामाची वेळ नक्की काय, आणि ती बदलून हवी असेल तर कोणाशी बोलायचं."

"मग?"

"ते म्हणाले, हे पहिल्या भेटीत कोणी विचारत नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी विचारते."

नोकरी तिला मिळाली. पण ते कळायला आठवडा लागला, आणि तोपर्यंत मी थांबले नाही. फोन ठेवल्या ठेवल्या मी ऑफिसातल्या चौघांना गाठून हे सांगितलं. दोघांना दोनदा.